मरे नदीच्या काठी बघण्यासारखं काय आहे?

मुलानं मेलबर्नहून सहलीची आखणी पाठवली आहे. एक्सेलची फाईल. उघडायला पुतण्याच्या मुलाला बोलवावं लागलं, पण उघडल्यावर मात्र डोळे दिपले. येत्या मार्चमध्ये मी आणि आमची ही तिकडे जाणार, तेव्हाचे नऊ दिवस. पहिले दोन दिवस यारा व्हॅली, मग विमानानं अ‍ॅडलेड, तिथून बरोसा, मॅक्लारेन व्हेल आणि अ‍ॅडलेडच्या टेकड्या. एकूण अकरा वायनऱ्या आणि सात ठिकाणी दुपारचं जेवण. जेवणाची जागा दोन-दोन महिने आधी राखून ठेवावी लागते म्हणे. तिकडे रक्तात ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त दारू सापडली की गाडी चालवणं गुन्हा ठरतो, म्हणून बरोसात ड्रायव्हरसकट गाडी. आम्ही दोघं शाकाहारी, त्याचा वेगळा रकाना. पोरानं कष्ट घेतलेत, शंका नाही.

ही बातमी फुटल्यावर आधी पाहुण्यांचे फोन आले. "सर, या वयात दारूच्या गुत्त्यावर?" हा प्रश्न तिघांनी विचारला. त्यांतल्या एकाच्या घरच्या लग्नात मांडवामागं काय चाललं होतं ते मी स्वतः पाहिलंय, त्यामुळं त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडलो नाही. इथं देतो.

मी पीत नाही. वाईन म्हणजे दारू नव्हे, असलं वकिली बोलणंही मला जमत नाही. वाईन दारूच आहे. हातभट्टीनं आणि देशीनं उठलेली घरं मी पाहिलीत. पटावर नाव असलेली पोरं बापाच्या पिण्यापायी वीटभट्टीवर गेलेली पाहिलीत. पण दारू वाईट म्हणून द्राक्षाच्या मळ्याकडे बघायचंच नाही, हे काही मला पटत नाही. आणि "हे आपलं नव्हेच" असं म्हणणाऱ्यांनी तेरला जाऊन यावं. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदरात जात असल्याचं लिहिलंय. त्याच भडोचला जहाजांतून जे उतरायचं त्याच्या यादीत इटलीची वाईन आहे. असो. तेरकरांनी ती चाखली का, हे त्या ग्रीकानं लिहून ठेवलेलं नाही.

माझं भांडण पाहुण्यांशी नाहीच. ते त्या फाईलशी आहे. अकरा वायनऱ्या, सात जेवणं, नऊ दिवस, आणि सबंध फाईलमध्ये द्राक्ष पिकवणारा माणूस एकही नाही!

हे मला का टोचतं ते सांगतो. माझा धाकटा भाऊ तुळजापूर तालुक्यात गावाकडे शेती करतो. २००१ साली आपल्या राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिककडे वायनऱ्या उभ्या राहिल्या. तो वारा आमच्याकडेही आला. २००५ साली भावानं एका वायनरीशी करार करून दोन एकर वाईनची द्राक्षं लावली. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, सगळं बँकेच्या कर्जातून. पहिली दोन पिकं बरी गेली. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाईन पिंपात राहिली. २००९ च्या फेब्रुवारीत माल तयार झाला आणि वायनरीची गाडी आलीच नाही. फोन उचलेनात. शेवटी कोणीतरी सांगितलं, यंदा उचल नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वाईनचं द्राक्ष खायचं नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. सोलापूरच्या बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. बेदाणा करावा तर बियांमुळं तोही होत नाही. थॉमसन असतं तर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवून शेडमध्ये टाकले असते, पंधरा दिवसांत बेदाणा घरात. (ही पद्धत आपल्याकडे ऑस्ट्रेलियातूनच आली, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं.) भावाचा माल वेलीवरच आंबला. रानात शिरलं की वास यायचा. पुढच्या वर्षी त्यानं बाग तोडली. वहिनीनं दोन वर्षं ती खोडं चुलीत घातली. कर्ज फिटायला त्यानंतर सात वर्षं गेली. आता तिथं सोयाबीन आहे.

म्हणून कोणी वाईनच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलताना शेतकऱ्याचं नाव घेतलं की माझे कान टवकारतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा काय गदारोळ झाला होता आठवतंय ना? बाजूचे म्हणाले, शेतकऱ्याच्या भल्यासाठी. विरोधातले म्हणाले, शेतकऱ्याच्या नावावर हे खपवू नका. निर्णय बारगळला. त्या सगळ्या दिवसांत माझ्या भावाला विचारायला टीव्हीवाला सोडा, ग्रामसेवकसुद्धा आला नाही.

मुलासोबत एकदा नाशिकच्या एका वायनरीत गेलो होतो. गंगापूर धरणाचं पाणी, हिरवा डोंगर, फार सुरेख जागा. ग्लास कसा धरायचा, फिरवायचा कसा, नाक कुठवर न्यायचं, हे एका मुलीनं पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं. चांगली शिक्षिका झाली असती. मी विचारलं, ही द्राक्षं कोणाच्या रानातली? ती हसली. म्हणाली, "काका, हा प्रश्न आजपर्यंत कोणी विचारला नव्हता." भिंतीवर फेटा बांधलेल्या शेतकऱ्याचा मोठा फोटो होता. त्याचं नाव खाली नव्हतं.

तर मी मुलाला फोनवर म्हणालो, एक जेवण कमी कर आणि एक दिवस रिव्हरलँडला ने.

तो म्हणाला, "अण्णा, तिथं बघण्यासारखं काही नाही."

मंडळी, मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. फळ्यावर ऑस्ट्रेलिया काढून त्यात निळ्या खडूनं मरे-डार्लिंगचं खोरं किती वेळा काढलं याचा हिशेब नाही. ज्या नदीच्या नावावर मी पोरांचे मार्क कापले, तिच्या काठी बघण्यासारखं काही नाही? कॅलिफोर्नियाहून आलेल्या चॅफी बंधूंनी १८८७ साली याच नदीचं पाणी उचलून रेनमार्क आणि मिल्ड्यूरा ही गावं वसवली. त्याआधी ते सगळं आपल्या परंड्या-भूमसारखं कोरडं रान. आपण ज्याला थॉमसन म्हणतो त्याला ते सुलताना म्हणतात आणि मिल्ड्यूराकडे त्याचे बेदाणे करतात. रिव्हरलँडइतकी वाईनची द्राक्षं ऑस्ट्रेलियात दुसऱ्या कुठल्याही भागात पिकत नाहीत. मुलाच्या फाईलमधल्या बरोसाहून रेनमार्क मोटारीनं दोन-अडीच तासांवर. तरी ते नकाशात नाही, कारण तिथं सात पदार्थांचं जेवण आणि चांदीचा काटा-चमचा नाही.

आणि तिथं चाललंय काय? २०२० च्या शेवटी चीननं ऑस्ट्रेलियन वाईनवर जकात लावली, ती २०० टक्क्यांच्या वर गेली. गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. लाल वाईन टाक्यांत तुंबली. मार्च २०२४ मध्ये जकात उठली, पण तोवर जगातच लाल वाईनचं पिणं कमी होत चाललेलं. रिव्हरलँडच्या शेतकऱ्याला शिराझच्या भावात खर्च निघेना, काहींनी माल वेलीवरच सोडला, काहींनी बागा उपटल्या. शिवाय माल दिला तरी पैसे हप्त्याहप्त्यानं, कित्येक महिन्यांनी. २०१९ साली तिथल्या स्पर्धा आयोगानंच यावर बोट ठेवलं होतं. हे वाचताना मला वाटलं, आपल्या तालुक्यातलीच बातमी वाचतोय.

बरोसा बघायचं नाही असं मी म्हणत नाही. तिथं १८४० च्या दशकात लावलेल्या वेली अजून फळ देतात, त्यांना हात लावायची मला फार इच्छा आहे. त्या का टिकल्या? कारण द्राक्षाची मुळं खाणारा फायलोक्सेरा हा बारीक किडा साउथ ऑस्ट्रेलियात शिरू दिलेला नाही. यारा व्हॅलीत मात्र तो २००६ पासून आहे. म्हणजे यारात वेलींमधून फिरलेले बूट घालून सरळ बरोसाच्या बागेत जायचं नाही. हे मुलाच्या फाईलमध्ये कुठं आहे? कुठल्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल, ते आहे. बुटांचं काहीच नाही. मी कळवलं तेव्हा म्हणाला, "अण्णा, आपण शेतात थोडेच जाणार आहोत!"

हेच तर माझं म्हणणं आहे.

सूनबाईंनी मधला मार्ग काढलाय. सहाव्या दिवसाचं जेवण रद्द करायचं, भरलेली रक्कम बुडेल तर बुडू दे. सकाळी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून निघायचं. फळं मात्र घ्यायची नाहीत, फळमाशीमुळं रिव्हरलँडमध्ये बाहेरची फळं नेऊ देत नाहीत. तिच्या ऑफिसातल्या एका पंजाबी बाईंच्या भावाची रेनमार्कजवळ बाग आहे, त्यांना ती विचारणार आहे. मुलगा अजून "बघू" म्हणतोय. मी सांगितलंय, आधी तो रकाना भर, मग तिकिटं काढ.

काल भावाकडे जाऊन आलो. मार्चमध्ये त्याची उरलेली थॉमसनची बाग काढणीला येते, तो काही यायचा नाही. त्याच्या हातानं वहीच्या पानावर प्रश्न लिहून घेतले. टनाला काय देतात? वाहतूक कोणाची? साखर कोण मोजतं, आपण की कारखाना? एप्रिलची छाटणी तिकडे असते का? (नसते, मी सांगितलं. त्यांची छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. म्हणजे जून ते ऑगस्ट.) पान दुमडून माझ्या खिशात घातल्यावर त्यानं परत मागून घेतलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: माल उचलायचा नसला तर तिथले लोक आधी सांगतात का?