कूपे

गेले दोन महिने आमच्याकडे जेवताना एकच विषय आहे. गाडी. जुनी गाडी दोन लाख मैलांच्या पुढे गेली आणि परवा आमच्या मेकॅनिकने "आता हिच्यावर पैसे घालू नका" असं सांगितलं. ज्याचं पोट दुरुस्तीवर चालतं तोच असं म्हणाला की समजावं, विषय संपला.

बजेट पंचवीस हजार डॉलर. तेवढ्यात नवी, धड, कंटाळवाणी गाडी मिळते, पण तशा मी आजवर तीन चालवल्या. मुलगी नोकरीला लागून कॅलिफोर्नियात गेली, घरात आम्ही दोघंच. म्हटलं एकदा तरी मनासारखी घेऊ. मन मात्र दोन निघाली. बायकोच्या मनात सेकंडहँड लेक्सस ईएस ३५०, २०१९ची. माझ्या मनात चार वर्षं वापरलेली टोयोटा जीआर८६. दोन दारांची कूपे.

कूपे म्हटल्यावर आपल्याला आधी रेल्वे आठवते. फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा डबा, नशिबाने मिळायचा, आणि तिसरा माणूस येण्याची भीती नसायची. शब्द मूळ फ्रेंच, अर्थ ‘कापलेला’. घोडागाडीचा पुढचा भाग कापून दोघांपुरती केलेली गाडी ती कूपे. इथे अमेरिकेत तिला ‘कूप’ म्हणतात, म्हणजे मी आत बसलो की कूपमंडूक. असो.

आधी सेडनबद्दल. जुनी लक्झरी सेडन हा मोह फार वाईट, विशेषतः जर्मन. साठ हजारांची गाडी सहा-सात वर्षांनी वीस-बावीस हजारांना समोर उभी दिसते. कातडी सीट, मऊ बंद होणारी दारं, आणि मराठी मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये चार माना वळतील ही खात्री. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. एअर सस्पेन्शन बसलं, एखादा एलईडी हेडलाइट गेला, की बिल साठ हजारांच्या गाडीचंच येतं. पहिल्या मालकाने आराम उपभोगला, घसारा सोसला, आणि वॉरंटी संपायच्या सुमारास गाडी विकली. तो शहाणा. आपण त्याचा आराम विकत घेत नाही, त्याचं म्हातारपण विकत घेतो.

लेक्ससचं तसं नाही हे मी मान्य करतो (बायको हे वाचणार आहे). आत टोयोटाचंच साडेतीन लिटरचं व्ही६ इंजिन, वर्षानुवर्षं मुरलेलं. १९८९ मध्ये ही कंपनी अमेरिकेत आली तेव्हाची त्यांची एक जाहिरात अजून लोकांच्या लक्षात आहे. गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा, खाली इंजिन सुसाट चाललंय, आणि वरचा एकही ग्लास हलत नाही. आम्ही ईएस चालवून पाहिली तेव्हा मला ती जाहिरात तंतोतंत पटली. काहीच हलत नाही. रस्ता कळत नाही, वेग कळत नाही, पंधरा मिनिटांत मला जांभई आली. बायको म्हणाली, "मग? चांगलंच आहे की."

जीआर८६ बरोबर उलटी. टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली, २.४ लिटरचं आडवं बॉक्सर इंजिन, २२८ अश्वशक्ती, जोर मागच्या चाकांना. आणि हाताने टाकायचे सहा गिअर! पुण्यात प्रीमियर पद्मिनीच्या स्टिअरिंगवरच्या दांड्याशी झटापट करत मी गाडी शिकलो. त्यानंतर तीस वर्षं डावा पाय नुसता बसून आहे. टेस्ट ड्राइव्हला पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पाडली, मागचा हॉर्न वाजवायला लागला, आणि मला कितीतरी दिवसांनी मनापासून हसू आलं.

तोटे? आहेत. मागच्या सीटवर माणूस बसत नाही, फार तर ओक ट्री रोडवरून आणलेली तांदळाची पोती. आवाज येतो. महागडं पेट्रोल लागतं. वरच्या मॉडेलला टायर येतात ते उन्हाळी, न्यू जर्सीच्या बर्फात वेगळा संच हवाच. शिवाय आधीच्या मालकाने शर्यतीच्या ट्रॅकवर पिदडलेली नाही ना, हे क्लचपासून तपासून घ्यायचं.

पण आपल्या लोकांचा खरा आक्षेप यातला एकही नसतो. आक्षेप असतो दारांवर. "कोणी आलं तर?" हा आपला जुना रोग. स्टँडर्ड हेरल्ड भारतात दोन दारांची आली, तर १९६८ मध्ये मद्रासच्या कंपनीने खास आपल्यासाठी तिला चार दारं लावली. वर्षातून तीन आठवडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी आपण एकोणपन्नास आठवडे रिकामी सीट ओढत फिरतो. माझं म्हणणं एवढंच, की गाडी एकोणपन्नास आठवड्यांसाठी घ्यावी.

हे मी जेवताना मोठ्या तावातावाने मांडलं. मग लक्षात आलं, टेबलावर आई बसली आहे.

आई सध्या आमच्याकडे आहे. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटी आली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे बोलतात. मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "चल, दाखव तुझा तो कूपे."

बसताना त्रास झाला नाही. "पाटावर बसल्यासारखं आहे रे," म्हणाली. हायवेला लागलो, बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "रस्ता असा दिसतो होय!" मला कळेना. तर आजवर पुढची सीट कायम बाबांची. "नायगऱ्याला जाताना सात तास मी तुझ्या बाबांचं टक्कल बघत होते."

चार खेपा झाल्या त्यांच्या इथे. माझ्या हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. त्या चार दारांच्या ऐसपैस गाडीचं मला केवढं कौतुक होतं!

उतरताना मात्र दोन प्रयत्न लागले. आधी कुशीवर वळली, दोन्ही पाय बाहेर, मग माझा हात धरून उठली. मी म्हटलं, आई, लेक्ससच घेऊ, तुला बरं पडेल. ती साडी सारखी करत म्हणाली, "पुढच्या खेपेला मी येईन की नाही, त्यावर गाडी ठरवू नकोस."

यावर काय बोलणार? ते वाक्य डोक्यातून जात नाही. एकदा वाटतं तिने परवानगी दिली, एकदा वाटतं मी ती सोयीने ऐकली. एकोणपन्नास आठवड्यांचं माझं गणित चुकलेलं नाही, पण ते मांडताना जी मजा येत होती ती आता येत नाही. तरीही कूपेच घ्यायची असं ठरतंय.

शनिवारी गाडी मेकॅनिककडे तपासायला न्यायची आहे. आईने सकाळीच विचारून घेतलं, पुढे कोण बसणार. बायको म्हणाली, "आई, तुम्हीच बसा. मी घरी झोपते."