ताळेबंद कुणाच्या कुलपात?

दिवाळी पंधरवड्यावर आली की खानदेशातल्या सूतगिरण्यांत, साखर कारखान्यांत बोनसच्या बैठका बसतात. युनियन 20 टक्के मागते, व्यवस्थापन 8.33 वर अडून राहते. मग कुणीतरी ताळेबंदातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवते आणि ठरलेले उत्तर येते: ही कंपनीची अंतर्गत बाब आहे.

हे उत्तर कायद्यापुढे अर्धेच टिकते. 1965 चा बोनस कायदा, जो आता वेतन संहितेत सामावला आहे, लेखापरीक्षित ताळेबंद खरा धरून चालत असे. पण वाद न्यायाधिकरणात गेला आणि युनियनने एखाद्या नोंदीचा खुलासा मागितला, तर तो देण्याचा आदेश कंपनीला होऊ शकत असे. बँकांना मात्र यातून वेगळे काढले होते. त्या सवलतीमागची गोष्ट मुंबईतली आहे आणि प्रत्येक कारखानदाराने ती वाचावी अशी आहे.

1960 साली बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाद मुंबईत न्या. के. टी. देसाई यांच्या राष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे होता. बँका म्हणत, पगारवाढ परवडत नाही. युनियनचे म्हणणे असे की नफा आहे, पण तो गुप्त राखीव निधीत आणि बुडीत कर्जांच्या तरतुदीत दडवलेला आहे. ते कागद दाखवा. ठेवीदाराचा विश्वास डळमळेल, असे बँकांनी सांगितले. प्रकरण चालू असतानाच संसदेने बँकिंग कायद्यात कलम 34 अ घातले. बँकेने गोपनीयतेचा दावा केला की ते कागद कुणीही मागायचे नाहीत. त्यातली किती रक्कम हिशोबात धरायची, ते रिझर्व्ह बँक सांगेल आणि तिचा शब्द अखेरचा. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. आकडेच मिळणार नसतील तर वाटाघाटी कशाच्या जोरावर करायच्या, हा तिचा सवाल होता. 28 ऑगस्ट 1961 ला निकाल विरोधात गेला. संघटना काढणे हा मूलभूत हक्क आहे, पण तिची सौदाशक्ती परिणामकारक ठरेल याची हमी राज्यघटना देत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग या निकालाला मालकांचा विजय म्हणतील. तो होताही. पण बँकांना त्यासाठी काय करावे लागले, तेही पाहावे. नेमके काय लपवायचे ते त्यांना नाव घेऊन सांगावे लागले आणि ते तपासणारा तिसरा डोळाही मान्य करावा लागला. आजच्या मालकांच्या तोंडचे ‘सगळेच गोपनीय’ यात बसत नाही. पुढे तर काळच उलटला. 1990 नंतर बुडीत कर्जांचे आकडे वार्षिक अहवालात छापले जाऊ लागले, आणि डिसेंबर 2015 मध्ये जयंतीलाल मिस्त्री खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात देण्यास रिझर्व्ह बँकेला सांगितले.

नंदुरबारला हिशोबाचे कुलूप नवे नाही. शहादा, तळोदा भागातल्या सालदाराने वर्षभर राबायचे आणि उचल किती फिटली ते मालकाच्या वहीतून ऐकायचे, अशी रीत होती. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमिमुक्ती परिषद भरली, अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी श्रमिक संघटना उभी केली. तेव्हा जमीन आणि मजुरी यांच्याइतकाच त्या वहीचाही प्रश्न होता, असे म्हणायला हरकत नाही. आजही जिल्ह्यातली कोयते घेतलेली कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात ऊस तोडायला जातात. मजुरी टनावर, वजन कारखान्याच्या काट्यावर, उचल मुकादमाच्या हातात. काट्याची पावती तोडणाऱ्याला मिळत नसेल, तर त्यात कुठले व्यापारी गुपित सांभाळले जाते, हे कुणीतरी समजावून सांगावे!

खरी गुपिते असतातच. रंगाचे मिश्रण, निविदेचा दर, ग्राहकाशी ठरलेला भाव, जमीन खरेदीची बोलणी. युनियनच्या शहाण्या पुढाऱ्यालाही ही फुटलेली नको असतात, कारण कंत्राट गेले तर आधी पाळी त्याचीच बंद होते. पण स्वतःचा पगार, ओव्हरटाइमचा दर, भविष्य निर्वाह निधीत भरलेली रक्कम या यादीत येत नाही. वेतन संहिता तर पगारपावती देणे मालकावर बंधनकारक करते. तरी नेमणूकपत्रात ‘पगार सहकाऱ्याला सांगू नये’ अशी ओळ घालणारे व्यवस्थापक आहेत. अमेरिकेतल्या 1935 च्या कामगार कायद्याने सहकाऱ्यांशी पगाराची चर्चा करणे हा बहुतेक खासगी कामगारांचा हक्क मानला आहे.

गोपनीयता एकट्या मालकाची नसते, हेही बैठकीत विसरले जाते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेट अधिकाऱ्याला कंपनीची जशी, तशीच युनियनचीही खासगी माहिती उघड करायला मनाई केली होती. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कारखान्यात एकाहून अधिक युनियन असतील, तर हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार जिच्या बाजूला, तीच वाटाघाटीला बसणार. म्हणजे सभासद मोजावे लागणार. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत पन्नास-साठ माणसांच्या युनिटमध्ये ती नावांची यादी मॅनेजरच्या खणात जाणार की मोजणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राहणार, हे पहिली मोजणी होण्याआधी लेखी ठरवून घ्यायला हवे.