मुळशीचे बालक आणि रुग्णालयाची वाट

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे आज दोन चेहरे दिसतात. पूर्वेकडे हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी आहे, तर पश्चिमेकडे ताम्हिणीच्या पावसात भिजणाऱ्या, धरणाच्या पाण्यामुळे परस्परांपासून दुरावलेल्या वाड्या आहेत. याच धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. शतक लोटले, तरी डोंगरातल्या वाडीवर रात्री तान्हे बाळ आजारी पडले तर त्याला वेळेत उपचार मिळतील काय, हा प्रश्न संपलेला नाही.

तालुक्यात रुग्णालये नाहीत असे नव्हे. पौड येथे ग्रामीण रुग्णालय आहे, लवळे येथे सिम्बायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय व संशोधन केंद्र आहे आणि पुणे शहर तर शेजारीच आहे. परंतु रुग्णालय असणे आणि बालक तेथे वेळेत पोहोचणे या भिन्न गोष्टी होत. विलंब रस्त्यावर होतो, त्याआधी तो घरातही होतो. धोक्याचे लक्षण ओळखता न आल्याने मोलाचे तास निघून जातात.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच सापडला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. त्यामुळे नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली शासनाने ही पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते. या भेटी हा प्रत्येक मातेचा हक्क आहे. आशाताई आली नाही, तर तिची विचारपूस अवश्य करावी.

प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार किंवा तापलेले लागले, सुस्त पडले, त्याला झटके आले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ वा अधिक वेळा होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. जुलाब झाल्यास अंगावरचे दूध न थांबवता ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे.

बाळाच्या आरोग्याचा पाया मात्र आईच्या ताटात असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेला उरलेसुरले वाढणारी रीत बाळाला किती महाग पडते, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा.

चित्र अद्याप समाधानकारक नाही. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होणे अपेक्षित आहे. तथापि, बांधकामावर वा वीटभट्टीवर आलेल्या मजुरांची आणि हंगामानुसार गाव सोडणाऱ्या कातकरी कुटुंबांची बालके कोणत्याच गावाच्या नोंदवहीत न येण्याचा धोका असतो. हिंजवडीच्या इमारती उभारणाऱ्या हातांची मुले तपासणीपासून वंचित राहिली, तर त्या विकासाला काय म्हणावे?

म्हणून आमची विनंती आहे, की आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी, महिला मंडळांनी व युवकांनी आपल्या परिसरातील अशा वस्त्यांवर जावे, तेथील बालकांची नावे अंगणवाडीत नोंदवावीत व आशाताईंची गाठ घालून द्यावी. यास मोठा निधी लागत नाही, केवळ थोडा वेळ लागतो. नोंदवहीत नाव लागले, की त्या बाळासाठी रुग्णालयाची वाट निम्मी मोकळी होते.