हसावे कुणाला?

आमच्या गॅदरिंगच्या तालमीत हशाला तोटा नसतो. पण हसायचे कुणाला? पडदा ओढणाऱ्याला, चहा आणणाऱ्याला, 'न' आणि 'ण'मध्ये अडखळणाऱ्याला. दिग्दर्शकाला मात्र कधीच नाही!

तमाशाची रीत उलटी. तिथे सोंगाड्या थेट राजा-प्रधानाची फिरकी घेतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या वगनाट्यात दादा कोंडके हवालदार होऊन आयत्या वेळी राजकारणावरही कोट्या करीत. अशी मोकळीक एकट्याच्या बळावर मिळत नाही. सोबतचे नट नि ढोलकीवाला शब्द झेलतात, तेव्हाच ती शोभते.

मित्रहो, कलेत माणसे सांभाळणे म्हणजे हेच झेलणे. तालीम लांबली की अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांचा जीव लोकलकडे लागतो. त्यावर थट्टा नको, तालीम वेळेवर सोडा. पत्रिकेत पडदेवाल्याचेही नाव छापा. उच्चार बाजूला घेऊन शिकवा. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला मुलगा एका हशाने रंगमंच कायमचा सोडू शकतो. मग त्याच्यातला सोंगाड्या आपल्याला दिसणार कधी?

ज्याच्या हाती अधिकार, त्याने आधी स्वतःवर हसू द्यावे. खाली बघून हसणे सोपे असते. विनोदाने वर बघावे.