मिरचीचे वेळापत्रक आणि मानेसर

मिरची लागवडीचे मराठी सल्लापत्रक बहुधा महिन्याच्या नावाने सुरू होते. महाराष्ट्रात ते चालून जाते. परंतु नोकरीनिमित्त हरियाणातील मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत स्थिरावलेले कुटुंब गावाकडून भिवापुरी वा संकेश्वरी मिरचीचे बी नेते, तेव्हा तेच पत्रक दिशाभूल करते.

मिरचीचे बी साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात उत्तम उगवते. 15 अंशांखाली उगवण जवळजवळ थांबते. मानेसरमधील जानेवारीच्या रात्री याहून पुष्कळ थंड असतात. म्हणून थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेर बी टाकणे शहाणपणाचे वाटते. घोटाळा तेथेच होतो. रोप पुनर्लागवडीस येण्यास चाळीसएक दिवस लागतात, पुढे फुलोऱ्यास जवळपास तितकेच. फुले येतात ती मे महिन्यातील लूच्या तोंडी, आणि 35 अंशांपुढे ती गळू लागतात. दोष मात्र बियाण्याला दिला जातो! त्यापेक्षा डिसेंबरमध्ये घरात उबदार जागी रोपे वाढवून फेब्रुवारीअखेर बाहेर लावावीत, किंवा जूनमध्ये सावलीत बी टाकून पावसाबरोबर पुनर्लागवड करावी. संकरित वाणाच्या फळातील बी अर्थातच ठेवू नये. त्याची रोपे मूळ झाडासारखी निघत नाहीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी पत्रकात महिन्यासोबत उगवणीचे व फळधारणेचे तापमान आणि दोन्ही अवस्थांमधील दिवसांचे अंतरही छापावे. विदर्भातील उन्हाळी मिरचीच्या शेतकऱ्यालाही त्यावरून पेरणीची तारीख स्वतः ठरवता येईल.