सर्वांत जवळची जागा

मैदानावर कोणी कोठे उभे राहावे, हे कर्णधार ठरवितो. त्यांतील फॉरवर्ड शॉर्ट लेग ही जागा सहसा कोणी मागून घेत नाही. फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर वाकून उभे राहावयाचे आणि फिरकीवर बॅटीला लागून पॅडवरून उडालेला चेंडू क्षणार्धात टिपावयाचा. फटका जोरात आला, तर बाजूला होण्यास अवधी नसतो. म्हणूनच ही जागा बहुधा संघातील नवख्याच्या वाट्याला येते.

एकनाथ सोलकर यांनी मात्र ती आपलीशी केली. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची निगा राखीत. हेल्मेट नसलेल्या त्या काळात सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. १९७१ साली ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी टिपले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. त्या डावात फ्लेचर व नॉट हे दोघेही सोलकरांच्या हाती झेल देऊन परतले.

याच जागेची दुसरी आठवण दुःखद आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका सामन्यात रमण लांबा तेथेच हेल्मेटविना उभे होते. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीस, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते नवखे नव्हते. भारतासाठी कसोटी खेळलेले होते. अनुभव चेंडू अडवीत नाही, हेल्मेट अडविते.

जैन आचारात अप्रमादाला, म्हणजे क्षणोक्षणीच्या सावधपणाला, मोठे स्थान आहे. सोलकरांची एकाग्रता हे त्याचेच एक रूप. परंतु सावधपणाचा भार केवळ उभे राहणाऱ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. उभे करणाऱ्याचाही त्यात वाटा असतो.

पेढीवरही अशा जागा असतात. रोकड घेऊन बँकेत जाणे, उंच फळीवरील माल उतरविणे, थकलेल्या उधारीसाठी कोणाच्या दारी उभे राहणे, ही कामे बहुधा नव्या मुलावर सोपविली जातात. तो नकार देत नाही, कारण नकार देण्याइतका तो जुना झालेला नसतो. म्हणून त्याला धीट हो असे सांगण्यापूर्वी सोबतीला माणूस आणि हाताशी मजबूत शिडी देणे, हे गादीवर बसणाऱ्याचे कर्तव्य होय.