‘नाही’ म्हणताना मान खाली का जावी?

भाईंदरच्या जेसल पार्कला माझ्याकडे रविवारी सकाळी चार-पाच मुलं येतात. कुणी आमच्याच बिल्डिंगमधलं, कुणी नवघर रोडवरून, एखादं गोडदेवहून. सोमवारी-मंगळवारी कुठे ना कुठे मुलाखत असते आणि काकू पर्सोनेलमध्ये होत्या हे आईनं सांगितलेलं असतं. मी 31 वर्षं त्या खात्यात काढली. खात्याचं नाव पुढे एचआर झालं, टेबल तेच राहिलं. खाडीकडे चौपाटीवर फेरी मारून आले की नऊ वाजता मी त्या मुलांसमोर बसते आणि मुलाखत घेते.

‘स्वतःबद्दल सांगा’ त्यांनी पाठ केलेलं असतं. पगाराचा आकडाही ठरलेला असतो. ‘आमच्या कंपनीत तुमच्या ओळखीचं, नात्यातलं कुणी आहे का?’ असं विचारलं की मात्र दोन तऱ्हा होतात. ज्याचं कुणी आहे तो गडबडतो. सांगावं तर वशिल्याचं म्हणतील, न सांगावं तर पकडलं जाऊ. ज्याचं कुणी नाही तो मान खाली घालून म्हणतो, ‘नाही मॅडम, कुणीच नाही.’ जणू मार्कशीटमधला नापासाचा विषयच दाखवतोय. या दुसऱ्या मुलासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. पण आधी पहिल्याचं सांगते, कारण त्याच्या जागी मी स्वतः बसलेली आहे.

1985 साली अंधेरीच्या एका कंपनीत मुलाखत होती. त्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये माझा मामा 17 वर्षं नोकरीला होता. जागा निघाल्याचं त्यानंच कळवलं होतं. निघताना वडील म्हणाले, ‘मामाचं नाव काढू नकोस, स्वतःच्या हुशारीवर मिळव.’ अर्जात रकाना होता, ‘कंपनीतील नातेवाईक’. मी तिथे आडवी रेघ मारली. समोर बसलेल्या साहेबांनी तोंडीही विचारलं, मी ‘नाही’ म्हटलं. नोकरी लागली. आठ महिन्यांनी कॅन्टीनमध्ये मामाला माझ्या डब्यातली भाजी खाताना कुणीतरी पाहिलं आणि चौकशी सुरू झाली. माझं कन्फर्मेशन सहा महिने पुढे गेलं, ते मी सोसलं. पण मामाला केबिनमध्ये बोलावून लेखी खुलासा मागितला. ज्या माणसानं 17 वर्षांत स्टोअर्सचा एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, त्यानं माझ्या आडव्या रेघेसाठी खुलासा लिहिला. निवडीत त्याचा काडीचा हात नव्हता. मी ‘हो’ म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

वडिलांना दोष देत नाही. ते ज्या जगातून आले तिथे ओळख हाच नोकरीचा दरवाजा होता. रत्नागिरीहून आलेला माणूस गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचा आणि कुणी काका-मामा त्याला गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरपुढे उभा करायचा. कामाला लावणं, चिकटवणं, वर्णी लावणं हे आपल्या भाषेतले शब्द त्या उंबऱ्यावर घासले गेलेत. त्या ओळखीनं हजारो घरं उभी राहिली, हे मी विसरू शकत नाही, आमचंही त्यातलंच. पण तोच जॉबर दस्तुरी, म्हणजे कामाला लावण्याची लाच, घ्यायचा आणि रुसला तर बदलीवाल्याला फाटकातून परत पाठवायचा. 1931 साली ब्रिटिशांच्या शाही कामगार आयोगानं आपल्या अहवालात या जॉबरांच्या लाचखोरीवर कोरडे ओढले. मुंबईच्या गिरण्यांनी 1935 साली बदली कामगारांना कार्डं देऊन जॉबरांच्या हातातली भरती थोडी सोडवायचा प्रयत्नही केला. ओळखीनं पोट भरलेल्या माणसालाच ओळखीची लाज वाटायची, ती या दस्तुरीमुळे. वडिलांनी 1982 च्या गिरणी संपात नोकरी घालवली, पण ती लाज मला देऊन ठेवली.

म्हणून मुलांना पहिली गोष्ट ही सांगते की ओळखीतून जागा कळणं यात लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना तुम्हाला नोकरी कशी मिळाली, असं विचारलं. 1974 साली त्याचं पुस्तक आलं. 56 टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. त्यातही रोज भेटणाऱ्या जिवलगांपेक्षा क्वचित भेटणारी माणसं जास्त उपयोगी पडली होती. भाईंदर लोकलच्या लेडीज डब्यात उभं राहून ज्यांनी वीस वर्षं काढली त्यांना यात नवल वाटणार नाही. दहिसर ते अंधेरी एवढ्या प्रवासात कुठल्या ऑफिसात कोण राजीनामा देतंय हे कळतं, आणि सांगणारीचं आडनाव आपल्याला ठाऊक नसतं. आज तर कंपन्याच आपल्या कर्मचाऱ्यांना माणूस सुचवल्याबद्दल बक्षिसाची रक्कम देतात.

मग उत्तर कसं द्यावं? ‘हो. माझे आतेभाऊ तुमच्या अकाउंट्समध्ये आहेत. जागा त्यांनीच कळवली. या विभागाशी त्यांचा संबंध नाही.’ नातं, विभाग, त्यांनी काय केलं. एवढं बोलून थांबावं. ‘त्यांना विचारा की माझ्याबद्दल,’ हे पुढे जोडू नये; तिथे माहितीची शिफारस होते. आणि आतेभावाला आदल्या दिवशी फोन करून सांगावं की मी तुझं नाव घेणार आहे. मी मामाला विचारलंही नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

मुलं विचारतात, काकू, ओळख म्हणजे किती ओळख? लिफ्टमध्ये हसणारा चौथ्या मजल्यावरचा माणूस धरायचा का? माझं माप असं आहे: तुम्ही अर्ज केलाय हे ज्याला माहीत आहे, किंवा नोकरी लागल्यावर ज्याला तुम्ही पहिल्या दिवशी शोधत जाल, तो सांगायचा. बाकीचे सोडून द्यायचे. कायद्याचं माप आणखी वेगळं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात आणि 2014 च्या नियमांत ‘नातेवाईक’ म्हणजे एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण. मामा त्यात नाही. एकत्र कुटुंबात नसतील तर आत्या नाही, चुलतभाऊ नाही. ती व्याख्या संचालकांच्या व्यवहारांसाठी केलेली आहे, पण तीच उचलून नोकरीच्या अर्जात टाकलेली मी पाहिली आहे. अशा अर्जावर भाचीनं ‘नाही’ लिहिलं तर ती खोटं बोलली का? मी त्या खुर्चीत असते तर नसतं म्हटलं. तरीही मुलांना सांगते, रकाना काहीही म्हणो, मामा असेल तर मामा लिहा.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. तिथे मी जास्त वर्षं बसले, म्हणून माझी तक्रारही तिकडेच जास्त आहे. हा प्रश्न विचारायला एकच रास्त कारण आहे: निवड करणाऱ्याचा आणि उमेदवाराचा संबंध असेल तर त्या माणसाला निवडीतून बाजूला करणं. सर्वोच्च न्यायालयानं 1969 साली क्रैपाक खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेच्या निवड मंडळावर कार्यकारी मुख्य वनसंरक्षक बसले होते आणि ते स्वतःच उमेदवारही होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते उठून गेले, तरी न्यायालयानं निवड रद्द केली. 1985 साली अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणा लोकसेवा आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक उमेदवार होते. तेव्हा न्यायालयानं सांगितलं की अशा सदस्यानं त्या मुलाखतीतून आणि त्या उमेदवाराच्या चर्चेतूनही दूर राहावं. दोन्ही वेळा दूर राहण्याची जबाबदारी खुर्चीतल्या माणसावर टाकली आहे. आपल्याकडे मात्र उत्तर घेतलं जातं, फाइलला लागतं आणि त्यावर कुणी उठून बाहेर जात नाही. मग ते उत्तर घेतलं कशाला?

आणि दुसरं, ज्यानं माझं मन अजून जळतं. ‘कुणाकडून आलात?’, ‘गाव कुठलं?’, ‘त्या गावचे अमुक तुमचे कोण?’ अशी वळणं घेत हा प्रश्न कुठे पोचतो हे मी शेजारच्या खुर्चीतून पाहिलं आहे. आडनावावरून कळलं नाही की ओळखी विचारून जात काढली जाते. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास छापून आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लीम नावांना पुढचं बोलावणं कमी आलं. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की गुणवत्तेच्या गोष्टी करणारे हेच लोक उमेदवाराचं ‘घराणं’ आवर्जून विचारतात. वडील काय करतात, घरात कोण काय शिकलंय. माझ्याच खात्यातल्या मीटिंगा मला त्यात दिसल्या. एका मीटिंगमध्ये मी गप्प बसले होते. त्या मुलीला नोकरी मिळाली नाही आणि ती का मिळाली नाही हे मला माहीत होतं.

म्हणून ज्याचं कुणी नाही त्याच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. बाळ, ‘नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘कुणीच’ जोडू नकोस. ‘सॉरी’ म्हणू नकोस. वडील भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात हे विचारलं तर सांग, आणि ज्या आवाजात पदवीचं नाव सांगितलंस त्याच आवाजात सांग. गाव आणि समाजाचं विचारलं तर गावाचं नाव सांग आणि पुढे बोल, ‘सर, या कामाबद्दल मला विचारायचं होतं…’ हे वाक्य आम्ही दहा-दहा वेळा म्हणून घेतो.

तुमच्यापैकी जे कंपन्यांत भरतीच्या टेबलावर बसतात त्यांना एक विनंती. उद्या ऑफिसात गेल्यावर आपला नोकरीचा अर्ज काढून तो रकाना वाचा. ‘निवड समितीतील कुणाशी नातं किंवा जवळची ओळख असल्यास लिहा, लिहिल्यानं अर्जावर परिणाम होणार नाही, संबंधित व्यक्ती निवडीत भाग घेणार नाही’ असं तिथे लिहिलेलं नसेल तर ते लिहून घ्या, आणि ज्या दिवशी आपल्या नात्यातलं पोर समोर येईल त्या दिवशी खुर्ची सोडून बाहेर जा.